न पेटवलेला पेंढा

कोट मल्लेवाल,
२० ऑक्टोबर २००८

चि. परनीत हिस,
अ. उ. आ.

तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी म्हशी, सीरतची शाळा आणि थंडी एवढ्यावर उरकलं, म्हणून फुगली असशील. पण फोन बैठकीत आहे, बापूजींच्या खाटेला लागून. मी बोलायला लागले की सासरेबुवा डोळे मिटून घेतात, म्हणजे कान उघडे ठेवतात. तेव्हा इथून पुढे पत्रानेच बोलू. वर शाळेतल्या बाईंचा पत्ता घाल, त्या सीरतच्या दप्तरातून पाठवतील. सहा वर्षांची पोर तुझी टपालवाली झाली बघ.

आता मुख्य गोष्ट. भात निघाला. शनिवारी कापणीचं कंबाइन येऊन गेलं आणि सातही एकरांत पेंढ्याच्या रांगा पडल्या आहेत. त्याच संध्याकाळी मी बापूजींना सांगितलं, की यंदा आपण जाळायचं नाही, परनीतच्या शेतकी ऑफिसचं यंत्र आणून पेंढ्यातच गहू पेरायचा. ते म्हणाले, चाळीस वर्षं या घराने गव्हाआधी रान आरशासारखं केलं, आता सून केर न काढता पाट मांडणार.

दुसऱ्या दिवशी निर्मलच्या चुलतभावाला, बलकारला बोलावून घेतलं. त्याचा डोळा आपल्या जमिनीवर आधीपासूनच आहे हे तुला माहीत आहे. बैठकीत ठरलं ते असं: हा एक गहू माझ्या हातात. तो बुडाला, तर बैसाखीपासून सातही एकर ठेक्याने बलकारकडे. निर्मलने इटलीहून फोनवर सांगितलं, बापूजी म्हणतील तसं. त्याला तिथल्या गाईंच्या गोठ्यातून याहून जास्त काय दिसणार?

तो तिकडे गेल्यापासून तीन वर्षं नवऱ्याच्या जागी शेत मी पाहते आहे. ते गेलं तर मी म्हशींची धार काढणारी बाई उरेन. सीरतला कुठल्या शाळेत घालायचं हेसुद्धा मग मला कोणी विचारणार नाही. बोलताना मोठा आव आणला, पण बैठकीतून बाहेर आले तेव्हा पायातली चप्पल सापडेना, इतकी हादरले होते.

पुढच्या शनिवारी बेबेचं वर्षश्राद्ध आहे. सासू गेली त्याला वर्ष झालं, खरं वाटत नाही. बापूजी तिचं नावही काढत नाहीत.

यंत्र कधी येतं ते कळव. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जसमेल

•

लुधियाना,
२५ ऑक्टोबर २००८

ती. भैणजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग हसू गेलं. लहानपणी भुशाच्या अंधाऱ्या कोठीत शिरायचं असलं की तू मला पुढे ढकलायचीस. आता मी तुला ढकलते आहे, म्हणजे फिटंफाट.

यंत्र तीन तारखेला येईल. त्याआधी एक काम नीट कर. कंबाइनने पाडलेल्या रांगा दाताळ्यांनी मोडून पेंढा सगळीकडे सारखा पसरून घे. जिथे ढीग राहील तिथे दाणा खाली दबून मरेल. बाया लाव, पण बांधावर स्वतः उभी राहा.

आमचे साहेब सांगतात ते तुला थोडक्यात सांगते, बैठकीत उपयोगी पडेल. पेंढा जाळला की रानाचं खाणं जळतं. आतले किडे, गांडुळं, सगळ्यांची एका दिवसात राख होते आणि मग आपण त्या उपाशी मातीला युरिया पाजत बसतो. त्यातला निम्मा पिकाच्या तोंडी लागत नाही, काही तर वायू होऊन उडून जातो. त्याला ना रंग ना वास, पण हवा तापवायला तो धुराच्याही वरचढ. पेंढा वर कुजू दिला, युरिया पानाचा रंग बघून बेताने दिला, की दोन्ही थांबतं. पीक तेवढंच येतं. आमच्या इथल्या रानात तरी आलं.

एकच भीती आहे आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. आजूबाजूचे सगळे जाळतील. तुझं रान तेवढं कोरड्या पेंढ्याने भरलेलं असेल. चारी बांधांच्या आत दोन हात पट्टा पाण्याने भिजवून ठेव आणि फवारणीची टाकी भरलेली असू दे.

बापूजींना माझा सत श्री अकाल सांग, पण मी लिहिलं म्हणून नको. सीरतला पापा. धाकटीवर लक्ष असू दे.

तुझी,
परनीत

•

कोट मल्लेवाल,
७ नोव्हेंबर २००८

चि. परनीत हिस,
अ. उ. आ.

पेरणी झाली. तीन तारखेला यंत्र आलं तेव्हा अर्धं गाव बांधावर जत्रेसारखं जमलं होतं. यंत्र पुढून पेंढा कापून वर उडवत होतं आणि मागून पेरत होतं. एक म्हातारा म्हणाला, जसमेलने गव्हाला रजई शिवली. बलकार म्हणाला, रजई कसली, कफन. सगळे हसले आणि मीही हसले. दुसरं काय करणार?

रान मात्र बघवत नाही गं. शेजारची राने काळी, नांगरलेली, भांग पाडल्यासारखी. आमचं म्हणजे महिनाभर फणी न लागलेलं डोकं. गुरुद्वारात बाया मला विचारतात, की जसमेल, बरं वाटत नाही का, रान तसंच राहिलं. आपल्याकडे बाईला आळशी म्हणण्याहून मोठी शिवी नाही.

काल मात्र भलतंच झालं. दुपारी पश्चिमेकडच्या रानाला त्यांनी काडी लावली आणि वारा आमच्याकडे फिरला. ठिणग्या बांध ओलांडून येऊ लागल्या. भिजवलेला पट्टा होता म्हणून बांधाची आग तिथेच अडली, पण उडून आलेल्या काड्या आतच पडत होत्या. पाठीवर टाकी घेऊन मी एकेक विझवत धावत होते. सीरत मागून ओरडून दाखवत होती, इथे आई, तिथे आई. धुराने तिचा आवाज बसला आहे. मध्येच वर पाहिलं तर बापूजी गच्चीवर उभे. खाली आले नाहीत, कोणाला हाकही मारली नाही. कठड्याला धरून नुसते आगीकडे बघत होते. आग विझल्यावर वर गेले, तर म्हणाले, चहा ठेव.

बेबेचं वर्षश्राद्ध झालं. ग्रंथपाठाच्या समाप्तीला, भोगाला, सगळे जमले. पाठ चालू असताना बापूजी उठून बाहेर जाऊन बसले. तिला दमा होताच, त्यातून गेल्या वर्षी आपणच घरामागचं रान जाळलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्हीही हृदयच म्हणतो.

आता एक लगेच कळव. कालव्याच्या पाण्याची आपली पाळी पंचवीसला आहे. पेरणीला तेव्हा तीन आठवडे होतात, म्हणजे पहिलं पाणी द्यायची वेळ. घ्यायचं ना? पाळी सोडली तर गाव वेड्यात काढेल. इथे कोणी मयतीला जायचं टाळेल, पण पाळी सोडणार नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
जसमेल

•

लुधियाना,
११ नोव्हेंबर २००८

ती. भैणजीस,
सा. न. वि. वि.

आगीचं वाचलं. वाईट वेळ टळली एवढंच म्हणते. सीरतला मधातून आलं दे.

पाण्याचं नीट वाच. पंचवीसची पाळी घेऊ नकोस. पेंढ्याखाली ओल टिकून असते, वरून कोरडं दिसलं तरी. तुमची चिकण माती, त्यावर थंडी, त्यात कालव्याचं भरपूर पाणी दिलं तर मुळं गुदमरतील आणि गहू पिवळा पडेल. दहा दिवस थांब, मग बोअरचं हलकं पाणी दे. बापूजी रागावतील. गाव हसेल. पाळी सोडायची म्हणजे तुम्हा लोकांना जेवणाच्या ताटावरून उठण्यासारखं, हे मला कळतं. पण या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे.

धीर धर. हा गहू उभा राहिला ना, की सगळ्या गावाला कबूल करावं लागेल, की जाळायची गरज नव्हतीच. या वर्षी नव्हती, गेल्या वर्षी नव्हती, कधीच नव्हती. त्या दिवशी बापूजींचा चेहरा बघायला मी स्वतः येईन.

तुझ्या आशीर्वादाची हक्कदार,
परनीत

•

कोट मल्लेवाल,
६ डिसेंबर २००८

चि. परनीत हिस,
अ. उ. आ.

तू पाण्याबद्दल काहीच कळवलं नाहीस. रोज सीरतचं दप्तर उलटं करून बघत होते. शाळेतल्या बाई मध्यंतरी आठवडाभर आजारी होत्या, मग मला वाटलं, तुला वेळ झाला नसेल.

पंचवीसला पहाटे मी फावडं घेऊन निघाले, तर बापूजी आधीच रानात. बेबे गेल्यापासून त्यांनी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. स्वतः दारं मोडलं, स्वतः पाणी फिरवलं, आपला वेळ संपेपर्यंत वाफ्यामागून वाफा तुडुंब भरला. मला म्हणाले, तू घरी जा, पोरीचं बघ. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्यासाठी मक्याची रोटी आणि लोणी घेऊन गेले. म्हटलं, मन वळलं.

परनीत, गहू पिवळा पडला आहे. पाणी आठ दिवस हललंच नाही. पेंढा कुजल्याचा वास येतो आणि त्यातून पिवळी पाती वर आली आहेत, काविळीच्या माणसाच्या नखांसारखी. शेजारचा गहू हिरवागार. दूध उतू जातं, कळत नाही. सीरतला काल उगीच मारलं.

बलकार रोज बांधावरून चक्कर मारतो. म्हणतो, वहिनी, अजून वेळ गेलेली नाही, पुढच्या सोमवारी, पंधराला, ट्रॅक्टर घालून सगळं मोडतो आणि माझ्या हाताने पुन्हा पेरतो. बापूजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एकदा ट्रॅक्टर आत गेला की रान माझं राहिलं नाही, हे सगळ्यांनाच कळतं. काय करू ते ताबडतोब कळव.

तुझी,
जसमेल

•

लुधियाना,
९ डिसेंबर २००८

ती. भैणजीस,
सा. न. वि. वि.

मी अकरा नोव्हेंबरलाच लिहिलं होतं. पाणी घेऊ नकोस म्हणूनच लिहिलं होतं. ते पत्र कुठे गेलं? पोस्टात विचारलं, ते खांदे उडवतात.

आता नीट ऐक. एक थेंबही पाणी देऊ नकोस. खालच्या अंगाला बांध फोडून साचलेलं काढून टाक. ऊन पडेल त्या दिवशी मूठमूठ युरिया फेक, त्याहून जास्त नको. मुळं पांढरी असतील तर गहू जिवंत आहे. उपटून बघ. आणि पंधरा दिवस, कसंही करून पंधरा दिवस ट्रॅक्टर आत येऊ देऊ नकोस. पिवळा दिसला म्हणून घाबरून मोडून टाकलेली दोन राने मी पाहिली आहेत. थांबले असते तर आली असती.

एक सांगायचं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. तुमच्या तालुक्यात मला एकही शेतकरी तयार होत नव्हता. साहेबांनी विचारलं, तर मी तुझं नाव देऊन टाकलं. तुला विचारण्याच्या आधी. आमचं रान रेताड, तुमचं चिकण, तिथे काय होईल हे मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. कोठीत पुढे ढकललं असं गमतीने लिहिलं होतं, ती गंमत नव्हती.

यायला हवं, पण धीर होत नाही. तुझ्या रानाच्या बांधावर उभं राहायची मला भीती वाटते. रागाव, पण तोडू नकोस.

तुझी,
परनीत

•

कोट मल्लेवाल,
४ जानेवारी २००९

चि. परनीत हिस,
अ. उ. आ.

वेडे, तू नाव आधी दिलंस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. यंत्राच्या चालकाच्या कागदावर माझं नाव सप्टेंबरच्या तारखेने होतं. तुझ्यासाठी म्हणून मी हे केलं नाही, तेव्हा जेव पोटभर.

ठरल्याप्रमाणे पंधराच्या सोमवारी बलकार आला. दाट धुकं होतं, ट्रॅक्टर दिसायच्या आधी आवाज आला. मी वाटेत जाऊन उभी राहिले, सीरत माझा हात सोडेना. गहू उपटून मुळं दाखवली, पांढरी होती. बलकार म्हणाला, मुळं काय दाखवतेस, वर बघ. तो खाली उतरून मला बाजूला करणार, एवढ्यात मागून बापूजी आले. अंगावर घोंगडं नाही, पायात जोडा नाही. बलकारला म्हणाले, लोहडीच्या सणापर्यंत राहू दे. बलकारने वाद घातला, तर त्यांनी पुन्हा तेवढंच सांगितलं. तो ट्रॅक्टर मागे घेऊन गेला.

त्यानंतर अकरा दिवस ऊन नाही. रोज जाऊन एकच पातं नखाने चाचपून बघत होते. आता सांगते आणि सांगायलाही भिते, की मधलं पान हिरवं निघालं आहे. उत्तरेकडचे दोन एकर तर चांगलेच सावरले.

पण मला बापूजींची काळजी वाटते. दिवसभर रानाच्या कडेला बसून असतात. गहू जसजसा हिरवा होतो आहे, तसतसं त्यांचं खाणं कमी होतं आहे. मी म्हटलं, बघा, सुधारला. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात कोणाच्या आजारपणाची बातमी आणली आहे. मला काही समजत नाही. तू शिकलेली आहेस, तुला समजलं तर कळव.

तुझी,
जसमेल

•

कोट मल्लेवाल,
२७ मार्च २००९

चि. परनीत हिस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. गेल्या आठवड्यात वादळ आलं, शेजारचा गहू आडवा झाला, आपला उभा आहे. आता गरम वारे सुटलेत, पण पेंढ्याखाली हात घातला तर माती गार लागते आणि गांडुळं हाताला लागतात. लग्न होऊन आल्यापासून या रानात गांडूळ पाहिलं नव्हतं. युरियाचं एक पोतं तसंच पडून आहे. बलकार काल विचारत होता, ते यंत्र आणखी कोणाला देतात का. तोंड फिरवून विचारलं, पण विचारलं.

तरी कापणी होईपर्यंत मी काही बोलणार नाही. पिकलेल्या गव्हाला एक ठिणगी पुरते. बापूजींनी परवापासून खाटच रानाच्या कडेला टाकली आहे.

तुझी,
जसमेल

•

कोट मल्लेवाल,
२२ एप्रिल २००९

बीबा परनीत कौर हिस,
गज्जण सिंगचा सत श्री अकाल आणि आशीर्वाद.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चूकभूल समजून घे.

गहू घरात आला. शेजाऱ्यांइतकाच उतरला, दाणा त्यांच्यापेक्षा टपोरा. मी निर्मलला आणि बलकारला सांगून टाकलं, की जमीन जसमेलच्या हातात राहील. मी असेपर्यंत आणि नंतरही. तेव्हा त्याची काळजी सोड.

या पत्रासोबत तुझं अकरा नोव्हेंबरचं पत्र आहे. शाळेतली बाई आजारी होती, पोस्टमनने ते रस्त्यात माझ्या हाती दिलं. सुनेचं पत्र फोडू नये एवढं मला कळत होतं. फोडलं. पाणी देऊ नका असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी पाणी दिलं. चुकून नाही. समजून दिलं, वाफे भरेपर्यंत दिलं. सुनेने मला त्या दिवशी बांधावर लोणी आणून खायला घातलं आणि मी ते खाल्लं.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला सुनेचं चांगलं बघवलं नाही. तसं नाही. तू लिहिलं होतंस, जाळायची गरज गेल्या वर्षीही नव्हती. त्या एका ओळीने माझं डोकं फिरलं.

गेल्या वर्षी निर्मलची आई म्हणाली होती, सरदारजी, दोन दिवस थांबा, वारा घराकडे आहे, मी माझ्या भावाकडे जाऊन राहते आणि मग जाळा. मी म्हणालो, गव्हाला उशीर होतो, दोन दिवसांत काही मरत नाहीस. हे मी बोललो. मग काडी लावली. वर्षभर मी स्वतःला एकच सांगत आलो, की दुसरा उपाय नव्हता, शेतकऱ्याला जाळावंच लागतं, सगळे जाळतात. त्या आधारावर मी दोन घास खात होतो. आणि ही पोर म्हणाली, जाळायचं नाही. हिचा गहू आला असता तर मी काय केलं होतं, ते मला उघड्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं. म्हणून मला तो मरायला हवा होता. रोज उठून भीत होतो, की जगला तर?

त्या सोमवारी धुक्यात सून ट्रॅक्टरपुढे उभी दिसली. या रानापायी घरातली एक बाई माझ्या हातून गेली होती. दुसरीला बाजूला ढकलताना बघवेना, म्हणून अडवलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

आता गहू आला आणि मला सगळं बघावं लागतं आहे. बघतो आहे.

जसमेलला तोंडाने सांगायची माझ्यात हिंमत नाही. हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हातात देणार आहे, पाकीट न चिकटवता. ती वाचेल. मग ठेवायचं की घालवायचं ते तिने ठरवावं.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. मागायला तोंड नाही, तरी मागतो.

गज्जण सिंग

ता. क. परनीत, पत्र मी वाचलं. तू कधी विचारलं नाहीस, की सगळा गाव जाळत असताना मी एकटीच का हटून बसले. गेल्या वर्षी त्यांनी काडीपेटी मागितली, तेव्हा ती चुलीजवळून उचलून मी आणून दिली होती. बेबे माझ्याकडे बघत होती. हे त्यांनी तुला लिहिलेलं नाही. मला वर्षभरात एकदाही बोलून दाखवलेलं नाही. पाकीट मी चिकटवलं आहे. आता ताट घेऊन त्यांच्याकडे जाते.
— जसमेल